'आला तर', 'आला असता तर' आणि 'येतो': इंग्रजीत पाय नेमका कुठे घसरतो

"पाऊस आला तर मी येणार नाही." हे इंग्रजीत लिहायला सांगितलं की पुष्कळ जण 'इफ इट रेन्ड, आय विल नॉट कम' असं लिहितात. हा निष्काळजीपणा नव्हे. लिहिणाऱ्याने मराठी वाक्य फार इमानाने उतरवलेलं असतं. 'आला' हा भूतकाळ म्हणून 'रेन्ड', 'येणार नाही' हा भविष्यकाळ म्हणून 'विल नॉट'. इंग्रजीला मात्र इथे हवं असतं 'इफ इट रेन्स, आय वोन्ट कम'.

पाऊस तर अजून पडायचाय, मग मराठीत तरी 'आला' का? कारण मराठीतला हा 'ला' आधी क्रिया पुरी झाल्याचं सांगतो आणि काळाचं नंतर बघतो. स्टॉपवर बस लांबून दिसली की आपण 'आली, आली!' म्हणतो. आईने हाक मारली की जागचे न हलता 'आलोच!' म्हणतो. चपला घालताना 'चाललो मी' म्हणतो. यातलं काहीही घडून गेलेलं नसतं. 'पाऊस आला तर' म्हणजे 'पावसाचं येणं पुरं झालं तर', एवढंच.

इंग्रजीतलं भूतकाळाचं रूप वेगळ्या कामाचं आहे. ते अंतर दाखवतं. कधी हे अंतर आजपासूनचं असतं, म्हणजे गोष्ट काल घडलेली असते. कधी ते खरेपणापासूनचं असतं, म्हणजे गोष्ट आज घडतेय पण फक्त कल्पनेत. 'इफ आय न्यू हिज नंबर' यातला 'न्यू' कालचा नाही. नंबर मला आत्ता माहीत नाही, एवढंच तो सांगतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की जर-तरच्या वाक्यांचे चार प्रकार पाठ करायची कटकट बरीच कमी होते.

'इफ'च्या शेजारी 'विल' कधी नको आणि कधी चालतो

भविष्यातली खरोखर घडू शकणारी गोष्ट असेल तर 'इफ'च्या भागात साधा वर्तमानकाळ आणि दुसऱ्या भागात 'विल', 'कॅन', 'मे' किंवा आज्ञा. 'इफ ही कॉल्स, टेल हिम आय ॲम आउट.' भविष्याचं ओझं वाक्याचा एकच भाग उचलतो, म्हणून 'इफ ही विल कॉल' नको. हाच नियम 'व्हेन', 'आफ्टर', 'बिफोर', 'अनटिल', 'ॲज सून ॲज' यांनाही लागू आहे. शाळेत मात्र तो 'इफ'च्या धड्यात सापडतो आणि तिथेच राहतो. म्हणून "पोचलो की फोन करतो" याचं 'व्हेन आय विल रीच, आय विल कॉल' होतं. हवं असतं 'आय विल कॉल व्हेन आय गेट देअर'.

'इफ'नंतर 'विल' दिसलं की लाल रेघ मारणारे शिक्षकही चुकू शकतात. तीन जागी ते अगदी बरोबर असतं. पहिली जागा म्हणजे जिथे 'इफ'चा अर्थ 'की नाही' असा होतो: 'आय डोन्ट नो इफ ही विल कम.' इथे 'इफ' काढून 'व्हेदर' घालता येतो, म्हणून हे जर-तरचं वाक्यच नाही. दुसरी जागा विनंतीची: 'इफ यू विल साइन हिअर, आय विल गिव्ह यू द रिसीट.' इथे 'विल' म्हणजे तयारी, राजीखुशी. तिसरी हट्टाची: 'इफ यू विल ईट सो लेट, ऑफ कोर्स यू कान्ट स्लीप.' बोलताना 'विल'वर जोर येतो आणि अर्थ होतो 'इतक्या उशिरा जेवायचा हट्टच धरलास तर झोप कशी लागणार!'

जोडशब्दांचं गणितही दोन्ही भाषांत उलटं आहे. मराठीत 'जर' सहज गळतो आणि 'तर' राहतो. "पाऊस आला तर" यात 'जर' नसल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही. इंग्रजीत 'इफ' सहसा सोडता येत नाही आणि 'देन' बहुतेक वेळा नकोसा असतो. प्रत्येक वाक्यात 'इफ... देन' आलं की लिखाण संगणकाच्या प्रोग्रामसारखं वाटू लागतं. 'इफ'चा भाग आधी आला तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्यायचा, मागून आला तर सहसा नाही.

नेहमीच घडणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत 'की' आहे: "पाणी तापलं की वाफ होते." तिथे इंग्रजीत दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ येतो. इथे फारसं कोणी अडखळत नाही.

दुसऱ्या प्रकाराला मराठीत स्वतःचं घर नाही

खरी अडचण आहे ती सेकंड कंडिशनलची, म्हणजे आत्ताच्या किंवा पुढच्या नुसत्या कल्पनेच्या जर-तरची. का ते बघू.

"तुला लॉटरी लागली तर काय करशील?" आणि "तुला उद्या सुट्टी मिळाली तर काय करशील?" मराठीत दोन्ही वाक्यांचा साचा एकच. सुट्टी मिळण्याची शक्यता चांगली, लॉटरी लागण्याची जवळपास शून्य, पण क्रियापदावर त्याचा काही परिणाम होत नाही. इंग्रजीत होतो. सुट्टीला 'इफ यू गेट टुमॉरो ऑफ, व्हॉट विल यू डू?', लॉटरीला 'इफ यू वन द लॉटरी, व्हॉट वुड यू डू?' रूप एक पायरी मागे गेलं आणि बोलणाऱ्याला ही गोष्ट दूरची वाटते हे ऐकणाऱ्याला कळलं. 'इफ यू विन द लॉटरी' हेही चुकीचं नाही. फक्त बोलणाऱ्याने तिकीट काढलंय आणि त्याला आशा आहे, असा वास त्याला येतो.

आता दुसरी बाजू. "माझ्याकडे गाडी असती तर तुला सोडलं असतं." हे आत्ताचं की कालचं? मराठीत दोन्ही होतं. जोडीला 'आत्ता' किंवा 'काल' आलं की कळतं, नाहीतर संदर्भावरून. इंग्रजीत दोन वेगळी वाक्यं लागतात. आत्ताचं असेल तर 'इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्रॉप यू.' कालचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव्ह ड्रॉप्ड यू.'

म्हणजे इंग्रजीच्या सेकंड कंडिशनलचा अर्धा भाग आपल्या 'लागली तर'मध्ये राहतो आणि अर्धा 'असती तर'मध्ये. त्यामुळे मराठी डोक्यातून वाक्य निघताना ते बहुधा शेजारच्या खोलीत शिरतं. सर्रास दिसणारी चूक अशी: 'इफ आय हॅड मनी, आय वुड हॅव्ह बॉट अ फ्लॅट', अर्थ अभिप्रेत आत्ताचा. 'घेतला असता' या दोन शब्दांसाठी 'वुड हॅव्ह बॉट' हे तीन शब्द आपोआप येतात, कारण 'असता'ला काहीतरी जोड शोधावी असं वाटतं आणि 'हॅव्ह' समोरच असतो. आत्ताच्या कल्पनेला 'हॅव्ह' लागत नाही. 'आय वुड बाय अ फ्लॅट' एवढं पुरतं.

लिहिण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. मराठी वाक्यात 'असतो, असता, असती, असतं, असते' अशा रूपांपैकी काही आहे का? नसेल तर गोष्ट पुढची आहे. मग ती खरोखर शक्य वाटते की नुसती कल्पना आहे तेवढं ठरवायचं. शक्य असेल तर वर्तमानकाळ आणि 'विल', कल्पना असेल तर भूतकाळ आणि 'वुड'. 'असता' असेल तर वाक्यात 'आत्ता' बसतं की 'तेव्हा' ते घालून बघायचं. 'आत्ता' बसलं तर भूतकाळ आणि 'वुड'. 'तेव्हा' बसलं तर 'हॅड' अधिक तिसरं रूप आणि 'वुड हॅव्ह' अधिक तिसरं रूप.

हा दुसरा प्रश्न वाक्याच्या दोन्ही भागांना वेगवेगळा विचारायचा, कारण दोन्हींची उत्तरं सारखी येतीलच असं नाही. "सहाला निघालो असतो तर आत्ता घरी असतो." पहिला भाग 'तेव्हा'चा, दुसरा 'आत्ता'चा: 'इफ आय हॅड लेफ्ट ॲट सिक्स, आय वुड बी होम नाउ.' पुस्तकं याला मिक्स्ड कंडिशनल म्हणून वेगळा प्रकरण-क्रमांक देतात. भाग वेगळे तपासायची सवय असेल तर त्याची गरज पडत नाही.

हालचालीच्या क्रियापदांनी इथे एक जास्तीचा खड्डा करून ठेवलाय. 'कम'ची तीन रूपं 'कम, केम, कम' आणि 'गो'ची 'गो, वेंट, गॉन'. 'हॅड' आणि 'हॅव्ह'नंतर तिसरंच रूप हवं. "तू आला असतास तर आपण गेलो असतो" याचं 'इफ यू हॅड कम, वी वुड हॅव्ह गॉन.' 'हॅड केम' आणि 'वुड हॅव्ह वेंट' या दोन चुका मुलाखतीत लगेच कानाला खटकतात. 'इफ'च्या भागात 'वुड हॅव्ह' घालणं, म्हणजे 'इफ यू वुड हॅव्ह कम', हे अमेरिकेत बोलण्यात ऐकू येतं, पण परीक्षेत आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये टाळावं.

बोलताना 'आय वुड' आणि 'आय हॅड' दोन्हींचं 'आय्ड' होतं. ओळखायचं पुढच्या शब्दावरून. पुढे मूळ रूप आलं तर 'वुड', तिसरं रूप आलं तर 'हॅड'. पुढे 'हॅव्ह' असेल तर तेही मूळ रूपच, म्हणून 'वुड'. 'आय्ड बेटर' मात्र नेहमी 'हॅड'.

'इफ आय वॉज' की 'इफ आय वेअर'? बोलण्यात दोन्ही चालतात, लिहिताना आणि परीक्षेत 'वेअर' सुरक्षित. "तुझ्या जागी मी असते तर" असा सल्ला द्यायचा असेल तर 'इफ आय वेअर यू' हा साचा ठरलेलाच आहे, त्याला हात लावू नये.

'जोपर्यंत येत नाहीस तोपर्यंत'

"जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी जाणार नाही." मराठीत दोन 'नाही' आहेत आणि दोन्ही हवेतच. इंग्रजीत ते जसेच्या तसे गेले की 'अनटिल यू डोन्ट कम, आय विल नॉट गो' होतं. 'अनटिल' आपल्या पोटात ती सीमारेषा घेऊनच आलेला असतो. त्याच्यापुढे फक्त ज्या क्षणी परिस्थिती बदलेल तो क्षण सांगायचा: 'आय वोन्ट गो अनटिल यू कम.' 'अनलेस'चंही तेच. तो म्हणजेच 'इफ नॉट', त्यामुळे 'अनलेस यू डोन्ट हरी' म्हणजे नकाराचा नकार. 'अनलेस यू हरी, यू विल मिस द ट्रेन' बरोबर.

दहावी-बारावीच्या सरावात 'अनलेस वापरून पुन्हा लिहा' असा प्रश्न येतो तेव्हा 'इफ' आणि 'नॉट' दोन्ही खोडून जागी एक शब्द बसवायचा. तरी प्रत्येक 'इफ नॉट'चं 'अनलेस' होत नाही. 'आय विल बी सरप्राइज्ड इफ ही डझन्ट कम' यात 'अनलेस' घातलं तर अर्थ फिरतो. 'अनलेस' म्हणजे 'एवढा एक अपवाद सोडला तर', आणि या वाक्यात तो न येणं हा अपवाद नाही. आश्चर्याचं कारणच ते आहे.

येतो म्हणजे जातो

'कम' आणि 'गो' यांतला फरक कोण कुठे उभा आहे यावर ठरतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी १९७१ साली दिलेल्या व्याख्यानांत हे बारकाईने मांडलंय. थोडक्यात सांगायचं तर बोलणारा किंवा ऐकणारा आत्ता जिथे आहे, किंवा ज्या वेळची गोष्ट चाललीय त्या वेळी जिथे असेल, त्या जागेकडची हालचाल 'कम'. बाकी 'गो'. 'शी विल कम टू द ऑफिस टुमॉरो' म्हटलं की आपल्यापैकी कोणीतरी आत्ता ऑफिसात आहे किंवा उद्या तिथे असेल हे त्यातच आलं. सोबत जाण्यासाठीही 'कम'च: "तू गेलास तर मीही येईन" म्हणजे 'इफ यू गो, आय विल कम विथ यू.' मराठीचा हिशेब जवळजवळ असाच आहे, त्यामुळे इथे आपला कान सहसा दगा देत नाही.

दगा देतो तो दारात. 'जातो' म्हणणं आपल्याकडे अशुभ, म्हणून निरोप घेताना 'येतो'. त्याचं 'ओके, आय ॲम कमिंग' झालं की समोरचा बुचकळ्यात पडतो. हा आपल्याबरोबर येतोय की काय? तिथे 'आय ॲम ऑफ' किंवा 'आय हॅड बेटर गो' म्हणावं. उलट कोणी हाक मारल्यावर 'आलोच'साठी 'आय केम' नको, 'कमिंग!' हवं. आणि "बस आली!" याला 'द बस केम'पेक्षा 'हिअर कम्स द बस!'

'जाऊन येतो' हा आपला आणखी एक लाडका प्रयोग. "दुकानात जाऊन येतो" याचं 'आय विल गो टू द शॉप अँड कम' ऐकून समजतं, पण तोल गेलेलं वाटतं. 'आय ॲम जस्ट गोइंग टू द शॉप' म्हणावं, परत येणं त्यात गृहीत आहे. हवंच असेल तर 'आय विल बी बॅक इन टेन मिनिट्स'. भूतकाळात मात्र हाच फरक इंग्रजी स्वतःच्या पद्धतीने जपते. 'ही हॅज गॉन टू रत्नागिरी' म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. 'ही हॅज बीन टू रत्नागिरी' म्हणजे जाऊन आलाय. मराठीत अनुभव विचारतानाही आपण 'गेला आहेस' म्हणतो, "कधी कोकणात गेला आहेस का?" त्यामुळे 'हॅव्ह यू एव्हर गॉन' तोंडात येतं. तिथे 'बीन' हवं. समोर उभं राहून 'आय हॅव्ह गॉन टू गोवा' सांगणाऱ्याला तर विचारावं लागेल की मग इथे कोण उभंय.

आण, ने, घेऊन ये, घेऊन जा यांची जोडी 'ब्रिंग' आणि 'टेक'शी चोख जुळते. "जाऊन घेऊन ये" एवढ्याला 'फेच' हा एकच शब्द आहे. 'सोडणे' मात्र जपून. "मला स्टेशनवर सोड" याचं 'लीव्ह मी ॲट द स्टेशन' झालं तर कोणी टाकून निघून जावं तसं वाटतं. 'ड्रॉप मी ॲट द स्टेशन' म्हणावं. पाहुण्याला गाडीत बसवून, गाडी सुटेपर्यंत थांबून हात हलवायचा असेल तर 'सी हिम ऑफ'. "आणायला जातोय" म्हणजे 'आय ॲम गोइंग टू पिक हिम अप'.

पोचणे, निघणे, चढणे, उतरणे

'रीच'ला थेट कर्म लागतं, मध्ये काही नको. 'रीच्ड पुणे' बरोबर, 'रीच्ड टू पुणे' आणि 'रीच्ड ॲट पुणे' चूक. नुसतं 'आय रीच्ड' हा मेसेज भारतात रोज लाखोंनी जात असेल, पण बाहेरच्या वाचकाला ते अर्धवट वाटतं. 'आय हॅव्ह अराइव्ह्ड' किंवा घरगुती 'आय ॲम हिअर' चालतं. 'अराइव्ह'नंतर शहराला किंवा देशाला 'इन' आणि स्टेशन, ऑफिस, स्टँड यांना 'ॲट' येतो, 'टू' कधीच नाही. बोलण्यात सगळ्यात जास्त चालतं ते 'गेट टू'. 'होम', 'हिअर', 'देअर', 'अब्रॉड', 'अपस्टेअर्स' यांच्याआधी 'टू' गळतो: 'गो होम', 'गेट देअर'.

'पुण्याहून निघालो' हे 'आय लेफ्ट पुणे' आणि 'पुण्याला निघालो' हे 'आय लेफ्ट फॉर पुणे'. एका 'फॉर'ने दिशा पूर्ण उलटते. ड्रायव्हर नेमका कुठे थांबलाय हे त्याच्यावर ठरत असेल तर महाग पडणारी गफलत आहे ही. 'लीव्हिंग टू पुणे' असं काही नसतं.

मराठीत वाट क्रियापदातच असते: शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, परतणे. चालण्याची तऱ्हा वेगळी जोडतात, जसं "तो धावत आत आला", "लंगडत जिना उतरला". इंग्रजी उलटं करते. तऱ्हा क्रियापदात जाते आणि वाट छोट्या शब्दात: 'ही रॅन इन', 'ही लिम्प्ट डाउन द स्टेअर्स'. भाषांची ही विभागणी भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टॅल्मी यांनी १९८५ साली सविस्तर मांडली. आपल्या इंग्रजीत 'एंटर', 'डिसेंड', 'रिटर्न' यांची गर्दी दिसते त्यामागे हेच आहे. हे शब्द फ्रेंच-लॅटिनमधून आलेले, त्यांत वाट क्रियापदातच असते, म्हणून आपल्याला ते सोयीचे वाटतात. फक्त घरगुती बोलण्यात ते सरकारी नोटिशीसारखे ऐकू येतात. 'कम इन', 'गो डाउन', 'कम बॅक' म्हणायची सवय लावावी. 'रिटर्न बॅक'मधला 'बॅक' तर फुकटचाच.

चढण्या-उतरण्याचा नियम वाहनात उभं राहून चालता येतं का यावर आहे. बस, रेल्वे, विमान, लाँच यांना 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. कार, टॅक्सी, रिक्षा यांत वाकून शिरावं लागतं, म्हणून 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'. ज्यावर टांग टाकून बसतो ते, म्हणजे सायकल, मोटारसायकल किंवा घोडा, पुन्हा 'ऑन' आणि 'ऑफ'. 'गेट डाउन फ्रॉम द बस' भारतात कुठेही समजतं. परदेशात मात्र ऐकणाऱ्याला वाटतं की कोणी टपावर चढलंय आणि त्याला खाली बोलावताहेत. "स्वारगेटला उतरलास तर रिक्षा मिळेल" याचं 'इफ यू गेट ऑफ ॲट स्वारगेट, यू विल गेट अ रिक्षा.' आणि तो बसमध्ये झोपून राहिला, स्वारगेट मागे पडलं, तर: 'इफ यू हॅड गॉट ऑफ ॲट स्वारगेट, यू वुड बी होम नाउ.'